कोची-अलेप्पी, कोल्हापूरहून, आई-बाबांना घेऊन. आई पाण्याला घाबरते. कसं आखावं?

प्रयागकाठ | ११ ऑक्टोबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. इथं बरीच वर्षं नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय.

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले त्याला तेरा वर्षं झाली. नोकरीत असताना त्यांच्या टेबलाच्या काचेखाली केरळातल्या एका कालव्याचं चित्र असायचं, कुठल्याशा कॅलेंडरातून कापलेलं. दोन्ही काठांना माड, मधून नाव, नावेत शाळेची पोरं. ते चित्र अजून घरी आहे. या हिवाळ्यात त्यांना ते पाणी प्रत्यक्ष दाखवायचं मनात आहे.

अडचण आईची आहे. आमचं जुनं घर प्रयाग चिखलीत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं (धोक्याची पातळी ४३), तेव्हा दोघं दोन रात्री माडीवर होते. तिसऱ्या दिवशी बोटीतून बाहेर काढलं. तेव्हापासून आई पंचगंगेच्या घाटाच्या पायऱ्या उतरत नाही. रंकाळ्यावर नेलं तर कठड्यापासून चार हात लांबून चालते. "तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळते," म्हणते. तिला मागं ठेवून जायला बाबा तयार नाहीत, मीही नाही.

आम्ही पाच जण: आई (६६), बाबा (७१), आम्ही दोघं आणि नऊ वर्षांचा मुलगा. सहा रात्री, नाताळच्या आठवड्यात. आई माळकरी, गुडघ्यांचा त्रास आहे. रेल्वेनं जावं की विमानानं? हाऊसबोट घ्यावी का? आणि आईचं काय करावं? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे.

कागलकर | ११ ऑक्टोबर, रात्री १०.२५

ताई, प्रवासाचं मी सांगतो, बाकीचं जाणकार सांगतीलच.

आपल्याला सोयीची गाडी म्हणजे पूर्णा एक्स्प्रेस. पुणे ते एर्नाकुलम (म्हणजे कोचीच), मिरज, बेळगाव, लोंढा, मडगाव करत जाते. आठवड्यातून एकदाच असते, त्यामुळं सुट्टी तिच्या वारावर बेतावी लागते. ती जमली नाही तर आजरा-आंबोलीवरून गाडीनं मडगाव गाठा आणि तिथून कोकण रेल्वे पकडा. नेत्रावती एक्स्प्रेस एर्नाकुलमवरून पुढं थेट अलेप्पीला जाते, म्हणजे सामान घेऊन मध्ये बदलाबदली नको. आपल्या उजळाईवाडी विमानतळावरून कोचीला थेट विमान नाही. विमानच हवं असेल तर गोव्याहून बघा.

आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० नाही. २५ डिसेंबरला निघायचं तर २६ ऑक्टोबरला सकाळी आठला तयार बसावं लागेल. पण खरं सांगू? नाताळ टाळाच. मुंबई-पुण्यातली सगळी मल्याळी मंडळी त्याच आठवड्यात घरी जातात. खालचे बर्थ मिळणं अवघड आणि आईंना वर चढवता येणार नाही. एर्नाकुलमला दोन स्टेशनं आहेत, जंक्शन आणि टाऊन. तिकीट काढताना नीट बघून घ्या.

रंकाळावेस | १२ ऑक्टोबर, सकाळी ७.१०

हाऊसबोटीबद्दल कळकळीनं लिहिते, कारण आमची निराशा झाली होती.

आमची समजूत अशी की रात्रभर बोट पाण्यावरून सरकत राहणार, वर चांदणं. प्रत्यक्षात दुपारी बाराच्या सुमाराला बसवतात आणि संध्याकाळी साडेपाचला बोट काठाला बांधतात. रात्री कोळी लोक जाळी टाकतात, म्हणून फिरायला मनाई असते. हा नियम योग्यच आहे, पण आम्हाला कुणी आधी सांगितला नव्हता. बुकिंग करताना दाखवलेली बोट आणि मिळालेली बोट वेगळी. एसी फक्त रात्री नऊ ते सकाळी सहा. शेजारी वीस-पंचवीस बोटी आणि सगळ्यांचे जनरेटर. सकाळी नऊला उतरवलं.

मोठी बोट अरुंद कालव्यात शिरू शकत नाही. बाबांच्या चित्रातला कालवा तिथून दिसणारच नाही. त्याच्यासाठी छोटी शिकारा बोट किंवा सरकारी फेरी.

विटेकर_त्रिशूर | १२ ऑक्टोबर, दुपारी २.०५

ताई, मी मूळचा विट्याचा. आमचा गलाईचा धंदा, सव्वीस वर्षं झाली त्रिशूरला. आमच्या खानापूर-आटपाडीकडची माणसं सोनं-चांदी गाळायला सगळ्या केरळात पसरलीत. एर्नाकुलमलाही मराठी बोलणारं दुकान सापडंल. म्हणजे आधी मनातनं ही भीती काढा की तिथं आपलं कुणी नाही.

कागलकरांचं बरोबर आहे, नाताळ नको. पण पुढं ढकलताना आणखी एक ध्यानात घ्या. नोव्हेंबरच्या मध्यापासून शबरीमलाची गर्दी असते, ती मकरविळक्कूपर्यंत, म्हणजे १४ जानेवारीच्या आसपास. एर्नाकुलम, कोट्टायम, चेंगन्नूरच्या गाड्या अय्यप्पाच्या भक्तांनी भरलेल्या असतात. तेव्हा १६-१७ जानेवारीनंतर या. पाऊस नाही, ऊन स्वच्छ, आणि कुट्टनाडची, म्हणजे अलेप्पीच्या आजूबाजूच्या पाणथळ भागाची, भातं त्या टायमाला हिरवीगार. तिथं मुख्य पीक पुंजा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरतात, फेब्रुवारी-मार्चात कापतात. ऊन मात्र आपल्यासारखं कोरडं नाही, घाम वाळतच नाही. अकरा ते तीन म्हाताऱ्या माणसांना बाहेर काढू नका.

आता आईंचं. तुम्ही सगळे अलेप्पीपासून सुरुवात करायला बघताय. माझं म्हणणं, कोचीपासून करा. कोचीत वॉटर मेट्रो आहे, एप्रिल २०२३ ला सुरू झाली. बोटी विजेच्या, तिथल्याच कोचीन शिपयार्डनं बांधलेल्या. आवाज नाही, धूर नाही, चारी बाजूंनी काच. धक्का तरंगता आहे, भरती-ओहोटीबरोबर वर-खाली होतो, त्यामुळं बोटीचा तळ आणि धक्का एका पातळीत राहतो. गुडघ्याच्या माणसाला पाय उचलायला लागत नाही. चाकाच्या खुर्चीवरची माणसं सुद्धा सरळ आत जातात. बोट शंभर माणसांची, त्याच्यावर घेत नाहीत. तिकीट वीस रुपयांपासून. हायकोर्टाच्या धक्क्यावरनं व्हायपिनला जाते, फोर्ट कोचीलाही जाते. व्हायपिनची फेरी अगदी थोडक्या वेळाची, आणि पलीकडचा काठ बसल्या जागेवरनं दिसतो.

इथं पाणी हा रस्ता आहे, ताई. आईंना आधी रस्ता बघू द्या.

आंबेवाडीची_लेक | १२ ऑक्टोबर, रात्री ११.३०

प्रयागकाठ, मी तुमच्या शेजारच्या गावची. आमचंही घर २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा पाण्यात होतं. म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नावर लिहिते.

आईंना "काही होत नाही, तू उगाच घाबरतेस" असं कुणीही म्हणू देऊ नका. झालेलं आहे. त्यांनी ते डोळ्यांनी बघितलंय. मला तीन वर्षं लोक हेच सांगत होते आणि दर वेळी मी जास्तच आवळून घेत होते.

मला उपयोग झाला तो दोन गोष्टींचा. एक, बसायचं की नाही हे शेवटच्या पायरीपर्यंत माझ्या हातात होतं. नवऱ्यानं आधीच सांगितलं होतं, तिकीट वाया गेलं तरी चालेल. दुसरं, पाणी कुठं जातंय हे मला समजलं. पुराचं पाणी कळत नाही, रात्रीतून किती चढेल ठाऊक नसतं. ज्या पाण्याच्या भरती-ओहोटीची वेळ ठरलेली आहे, ज्याच्यावर रोज पोरं शाळेला जातात, ते पाणी वेगळं वाटतं. बाबा पाटबंधाऱ्यातले आहेत ना? मग आईंना समजावून सांगणं त्यांच्यावर सोपवा. तुम्ही मध्ये पडू नका.

आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये कुट्टनाडही असंच बुडालं होतं. गावंच्या गावं उठून छावण्यांत गेली होती. समुद्रावरचे कोळी स्वतःच्या नावा ट्रकवर घालून आत आले आणि माणसं काढली. आईंना हे माहीत असू द्या. तिथली माणसं त्यांच्यासारखीच आहेत.

प्रयागकाठ | १३ ऑक्टोबर, दुपारी १.१५

आंबेवाडीची_लेक, तुमचा प्रतिसाद ऑफिसात वाचला आणि उठून बाहेर जावं लागलं. मनापासून आभार.

काल रात्री सगळा धागा बाबांना वाचून दाखवला. आई स्वयंपाकघरात होती, पण ऐकत होती. "शाळेची पोरं रोज जातात?" एवढंच विचारलं. तारीख १८ जानेवारीच्या आसपास धरतोय, मुलाची शाळा आठवडाभर बुडेल.

विटेकरदादा, अलेप्पीत रात्री कुठं राहावं? हाऊसबोटीचा विचार रंकाळावेसताईंचं वाचून सोडला.

शाहूपुरी_गल्ली | १३ ऑक्टोबर, संध्याकाळी ६.५०

कोचीत निदान तीन रात्री ठेवा अशी माझी विनंती आहे. लोक एका दुपारीत उरकून मुन्नारला पळतात.

बाबांना आधी एक गोष्ट सांगा. १३४१ साली पेरियार नदीला मोठा पूर आला, जुनं मुझिरिस बंदर गाळानं भरत गेलं आणि कोचीचं मुख मोकळं झालं, असं मानतात. म्हणजे हे शहर बंदर म्हणून पुरानंच घडवलं. तिथलं विलिंग्डन बेट तर माणसानं केलेलं आहे. विसाव्या शतकात बंदर खोल करताना जो गाळ निघाला त्याची भर घालून ते तयार झालं. रॉबर्ट ब्रिस्टो नावाच्या इंजिनिअरनं ते काम उभं केलं. तुमच्या बाबांचा अख्खा एक दिवस यातच जाईल.

फोर्ट कोचीत सेंट फ्रान्सिस चर्च, १५०३ सालचं. वास्को द गामा १५२४ मध्ये कोचीतच वारला आणि आधी इथंच पुरला होता, नंतर अवशेष पोर्तुगालला नेले. मट्टनचेरीत परदेशी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ (१५६८), आणि डच पॅलेस. पॅलेस बांधला पोर्तुगीजांनी, डागडुजी डचांनी केली, आत भिंतींवर रामायणाची चित्रं आहेत. आईंना ती आवडतील, सावकाश बघू द्या. पॅलेस शुक्रवारी बंद असतो आणि सिनेगॉग शनिवारी बंद, शुक्रवारी दुपारनंतरही बंद. मट्टनचेरी रविवार ते गुरुवारमध्येच बसवा.

चिनी जाळी संध्याकाळी बघा. तुळईसारखी रचना आहे, एका टोकाला जाळं आणि दुसऱ्या टोकाला दोरांना बांधलेले दगड. चार-पाच माणसं मिळून दोर ओढतात आणि जाळं पाण्यातून वर येतं. मोटेची आठवण असलेल्या माणसाला ते लगेच कळतं.

आईंच्या जेवणाची काळजी नको. मट्टनचेरीत गुजराती वस्ती जुनी आहे, शाकाहारी जेवण मिळतं. चेरलाईला गौड सारस्वतांचं तिरुमल देवस्थान आहे, तिथल्या गल्लीत कोंकणी कानावर पडते. इतक्या लांब "कित्ये" ऐकून जीव हरखतो. तुमच्यापैकी जे मासे खातात त्यांनी करिमीन खा, केळीच्या पानात भाजलेला. कालवणात कुडंपुळी असते, ती आपल्या कोकमाचीच जातभाई, पण चव धुरकट. हॉटेलात गुलाबी कोमट पाणी देतात ते पतिमुखम नावाच्या झाडाच्या लाकडाचं, बिनधास्त प्या.

विटेकर_त्रिशूर | १४ ऑक्टोबर, सकाळी ८.३०

राहायचं म्हणाल तर अलेप्पी गावात नको, हाऊसबोटीत नको, अलेप्पीजवळच्या कैनकरी गावात घरगुती मुक्काम करा. घर जमिनीवर, अंगणासमोर कालवा. आईंना पाणी दिसंल पण पाय मातीवर राहतील.

अलेप्पीला सरकारी जलवाहतूक खात्याचा बोट स्टँड एसटी स्टँडला लागूनच आहे. तिथनं कोट्टायमला बोट जाते, अडीच तासांच्या आसपास. भाडं आपल्या एसटीपेक्षा कमी. कंडक्टर असतो, घंटी वाजवून बोट थांबवतो. दूधवाला, पंचायतीचा शिपाई, शाळेची पोरं चढतात-उतरतात. बाबांचं चित्र हेच.

दुतर्फा भातं दिसतील ती पाण्याच्या पातळीच्या खाली असतात, समुद्रसपाटीच्याही खाली. बांध घालून, आतलं पाणी उपसून शेत केलंय. आधी माडाचे खांब नि बांबू रोवायचे, मग चिखल भरायचा. चित्तिरा, मार्तंडम, राणी ही मोठी कायलशेतं (कायल म्हणजे तिथलं खाडीचं सरोवर) १९४० च्या दशकात जोसेफ मुरिक्कन यांनी अशीच उभी केली.

खासगी बोट घ्यायची वेळ आलीच तर चढायच्या आधी नोंदणीचा नंबर, किती माणसांची परवानगी आहे ती पाटी आणि प्रत्येकाला लाइफ जॅकेट, एवढं बघा. २०२३ च्या मे महिन्यात तानूरला बोट उलटून २२ माणसं गेली, पोरं होती त्यात. जास्तीची माणसं भरली होती. बोटवाला घाई करत असंल तर सरळ खाली उतरा, पैशाचं बघू नका.

कागलकर | १४ ऑक्टोबर, सकाळी ९.००

विटेकरदादा, लय भारी माहिती. पुढच्या वर्षीसाठी वाचनखूण ठेवली.

प्रयागकाठ | २९ जानेवारी, रात्री १०.१५

परत आलो. सांगितल्याशिवाय राहवत नाही, म्हणून लगेच लिहितेय.

पहिल्या दिवशी हायकोर्टाच्या धक्क्यावर आई काचेच्या दारापाशी उभी राहिली आणि म्हणाली, पुढच्यानं जाऊ. आम्ही थांबलो. पुढचीही गेली. कुणी काही बोललं नाही. बाबा तिला धक्का कसा तरंगतो ते दाखवत होते, खालच्या खांबांवर ओहोटीची ओली रेघ कुठपर्यंत आहे ते दाखवत होते. तिसऱ्या बोटीला ती आपण होऊन चालू लागली. बसल्यावर बाबांचा हात धरला होता तो व्हायपिन येईपर्यंत सोडला नाही. उतरल्यावर म्हणाली, "हलत नाही की रे फारशी." परतीला खिडकीशी बसली.

फोर्ट कोची, मट्टनचेरी शाहूपुरीकरांनी सांगितलं तसंच केलं, मंगळवारी-बुधवारी. पॅलेसमधल्या चित्रांसमोर आई दीड तास होती.

कोट्टायमच्या बोटीत बाबा पूर्ण वेळ उभे होते. एका थांब्यावर निळ्या गणवेशातली सात-आठ मुलं चढली तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि चष्मा काढून पुसला.

गाडी करून तण्णीरमुक्कम बंधाराही बघून आलो. १९७६ पासूनचा आहे. कोरड्या दिवसांत दारं बंद करतात म्हणजे समुद्राचं खारं पाणी भातात शिरत नाही. आम्ही गेलो तेव्हा दारं बंद होती. उत्तरेला मोकळं पाणी, दक्षिणेला जलपर्णीचा हिरवा थर, अगदी आपल्या पंचगंगेसारखा. बाबांनी समजावलं, खारं पाणी आलं की जलपर्णी मरते, ते अडवल्यामुळं माजते. मासेमारांना दारं उघडी हवीत, शेतकऱ्यांना बंद. दोघांचंही पोट त्याच पाण्यावर. बाबा तिथं फार वेळ गप्प उभे होते.

कैनकरीला दोन रात्री राहिलो. दुसऱ्या सकाळी आई अंगणात बसली होती. घरमालकीणबाई कालव्याच्या पायरीवर भांडी घासत होत्या. त्यांना हिंदी येत नाही, आईला मल्याळम नाही. बाई उठल्या, ओला हात घराच्या भिंतीवर छातीच्या उंचीला ठेवला आणि बोटांनी दाखवलं, दोन, शून्य, एक, आठ. आई उठली, त्याच भिंतीपाशी गेली आणि हात डोक्याच्या वर नेला. दोन, शून्य, एक, नऊ. बाईंनी आईला हाताला धरून आत नेलं आणि माळ्यावर सामान कसं चढवून ठेवलंय ते दाखवलं. मग दोघी तासभर स्वयंपाकघरात होत्या. आई परतली ती पुट्टूचं (तांदळाच्या पिठाचा वाफवलेला पदार्थ) भांडं कुठं मिळेल ते विचारत.

आंबेवाडीची_लेक, तुमचा निरोप आईला वाचून दाखवला होता. तिनं तुमच्यासाठी अलेप्पीहून काथ्याचं पायपुसणं आणलंय. पत्ता इथं लिहू नका, निरोप्यातून कळवा.

आंबेवाडीची_लेक | २९ जानेवारी, रात्री ११.०५

कळवते. आईंना नमस्कार सांगा. मीच येते घ्यायला.

पेठवडगाव_एक | ३० जानेवारी, सकाळी ८.२०

ताई, फार छान लिहिलंत. आम्ही फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात जातोय, सासूबाई सत्तरीच्या आहेत. कोट्टायमच्या बोटीत कुठं बसावं? आणि बाथरूमची सोय?

प्रयागकाठ | ३० जानेवारी, सकाळी ९.४५

पुढच्या बाजूला बसा, इंजिनाचा आवाज कमी येतो आणि दोन्ही काठ दिसतात. चढताना फळीवरून पाय टाकावा लागतो, वॉटर मेट्रोसारखं सपाट नाही. पण कंडक्टर हात देतात, आईला दोघांनी धरलं होतं. बाथरूमला निघण्याआधी स्टँडवर जाऊन घ्या. सकाळची बोट पकडा, दुपारी उन्हाची तिरीप थेट आत येते. तिसरा आठवडा म्हणजे काही शेतांची कापणी सुरू झालेली असेल. बाबा म्हणतात, ती बघायला मिळाली तर फोटो इथं नक्की टाका.